वय झाले, की दुखणे झाले?

"डॉक्टर, वय झालंय, चालायचंच!" वृद्ध आई-वडिलांना दवाखान्यात आणणारी मुले हे वाक्य हमखास बोलतात. त्यात काही खरे असते. पण वयाच्या नावाखाली बरे होण्यासारख्या गोष्टीही राहून जातात.

माझ्या थोरल्या मावशीचे उदाहरण घेऊ. तिचे वय आज ८५ आहे. तिने आडाचे पाणी शेंदले, जात्यावर दळले, सहा मुले वाढवली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे. मिलोची भाकरी आणि सुकडी यांवर दिवस काढले. घरात दूध असे, पण ते मुलांना आणि पुरुषांना.

हाडांतील चुन्याची शिल्लक साधारण तिशीपर्यंत जमा होते, पुढे खर्चच होतो. पाळी बंद झाल्यावर बायकांमध्ये हा खर्च काही वर्षे फार वेगाने होतो. मावशीचे मणके दबले, पाठीला पोक आले, उंची कमी झाली. हा बदल आता मागे फिरणारा नाही. मांड्यांचे स्नायूही वयाबरोबर रोडावतात. २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला, तेव्हा मावशी लेकीकडे खुशीत जाऊ लागली. पण पुढे एस.टी.ची पायरी चढवेना, म्हणून तिने जाणेच सोडले.

गेल्या उन्हाळ्यात ती रात्री लघवीला उठली आणि पडली. मनगट मोडले. खुब्याचे हाड मोडले असते तर ती अंथरुणाला खिळण्याची भीती होती. घरचे म्हणाले, "वयामुळे तोल गेला." तपासल्यावर चार कारणे सापडली. उभे राहताच तिचा रक्तदाब बराच उतरत होता. रात्री उठावे लागू नये म्हणून ती दुपारपासून पाणीच पीत नव्हती. उतारवयात तहानही कमी लागते. शेजारणीने दिलेली झोपेची गोळी चालू होती. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. यांतले एकही कारण असाध्य नव्हते.

गोळी हळूहळू कमी करून थांबवली, रक्तदाबाच्या औषधाचा डोस बदलला, मोतीबिंदू काढला. मनगट सांधल्यावर व्यायाम सुरू केला. पोक तसेच आहे, कानांनाही कमीच ऐकू येते. पण दिवाळीला ती लेकीकडे जाऊन आली. पायरी चढताना नातवाने हात दिला, एवढेच.

घरात वृद्ध असतील तर पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) अंथरुणातून एकदम उठू नये. कडेला बसून दोन-तीन मिनिटांनी, आधार धरून उभे राहावे.

२) दिवसभर थोडे थोडे पाणी द्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

३) भक्कम खुर्चीतून उठणे-बसणे रोज दहा वेळा करावे. सुरुवातीला कोणी जवळ असावे.

४) डाळ, दूध, झेपत असल्यास अंडे रोज पोटात जावे. नुसत्या चहा-भाकरीवर स्नायू टिकत नाहीत.

५) रात्री मोरीच्या वाटेवर दिवा ठेवावा, सुटी सतरंजी काढावी, भिंतीला धरायला दांडी बसवावी.

६) चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. म्हातारपणी मूत्रपिंडे औषधे सावकाश बाहेर टाकतात, त्यामुळे दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके महागात पडतात.

७) कमी ऐकू येणाऱ्याशी ओरडू नये. समोर बसून सावकाश, स्पष्ट बोलावे. कानात मळ साठला आहे का, तेही तपासून घ्यावे.

वर्षभरात एकदा जरी पडणे झाले असेल, चालणे अचानक मंदावले असेल किंवा वजन कारणाशिवाय उतरत असेल, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. तपासून घ्या. आणि वृद्ध माणसे स्वतःहून पडल्याचे सांगत नाहीत. घरच्यांना त्रास नको, असे त्यांना वाटते. तेव्हा विचारावे आपणच.