परसदारी वाया जाणारे धन

शेतकऱ्याच्या घरी गेलेला माणूस ओसरीवर बसतो. पीकपाण्याच्या, बी-बियाण्याच्या, कर्जाच्या व बाजारभावाच्या गोष्टी तेथेच होतात आणि चहा झाल्यावर पाहुणा आल्या वाटेने परत जातो. ग्रामस्तरावर काम करणारे कार्यकर्तेही बहुधा याच वाटेने येतात व जातात. परंतु शेत आणि घर यांचा खरा व्यवहार जेथे चालतो ती जागा ओसरी नव्हे, परसदार होय. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, मोरीचे पाणी, भाजीची देठे, पाखडलेल्या धान्याचा कोंडा हे सर्व तेथे येऊन पडते. त्यांपैकी काही शेताकडे परत जाते, काही चुलीत जाते आणि पुष्कळसे कोठेच जात नाही. ते तसेच वाहते, वाळते किंवा वाऱ्यावर उडते.

काटकसर म्हणजे खर्चाचा हात आखडणे, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी हा हात अगोदरच इतका आखडलेला असतो की, तो आणखी आखडण्याचा उपदेश करणे ही थट्टाच ठरेल. येथे काटकसर हा शब्द निराळ्या अर्थाने घ्यावयाचा आहे. घरात आलेली वस्तू तिचे पूर्ण काम झाल्यावाचून परसदाराबाहेर जाऊ न देणे, एवढाच तो अर्थ होय.

चूल आणि उकिरडा

प्रथम शेणाचा हिशेब पाहू. एक मोठे जनावर दिवसाकाठी सुमारे दहा किलो ओले शेण देते. एक बैलजोडी व एक गाय असलेल्या घरी म्हणजे रोजचे तीस किलो शेण झाले. त्यांतील निम्मे गोवऱ्यांकडे गेले असे धरू. ओल्या शेणात पाचांतील चार भाग पाणीच असते. म्हणून पंधरा किलो शेणाच्या सुमारे तीन किलो वाळल्या गोवऱ्या होतात आणि त्या एका दिवसाच्या स्वयंपाकात संपतात. वर्षाचे हे शेण साडेपाच टनांच्या घरात जाते. गोठ्यातील काडीकचऱ्यासह ते खड्ड्यात नीट कुजविले असते, तर अर्ध्या टनाच्या पाच-सहा गाड्या खत सहज निघाले असते.

या खताची किंमत केवळ नत्राच्या हिशेबाने करू नये. जळालेल्या शेणातील नत्र पोत्यात मोजले तर युरियाचे एक पोतेही भरत नाही, आणि एवढ्यासाठी कोणी गोवऱ्या थापणे सोडणार नाही. खरी हानी सेंद्रिय पदार्थाची आहे. जमीन भुसभुशीत ठेवणे, पडलेला पाऊस धरून ठेवणे आणि दिलेले रासायनिक खत पिकाच्या मुळाशी टिकविणे, ही कामे कोणत्याही पोत्यातील खत करीत नाही. मृगात पडलेल्या पावसानंतर वीस दिवसांचा खंड पडला, तर शेणखत मिळालेले रान व न मिळालेले रान यांतील फरक बांधावरूनही दिसतो.

मग शेतकरी शेण जाळतो तरी का? या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे. इंग्लंडमधून आलेले कृषि-रसायनशास्त्रज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करून १८९३ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. शेतकरी अज्ञानामुळे शेण जाळतो, हे मत त्यांनी मान्य केले नाही. त्याला दुसरे सरपण मिळत नाही म्हणून तो शेण जाळतो, आणि सरपणाची सोय झाल्यास शेण शेताकडे वळेल, असे त्यांचे म्हणणे होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावयास हवे. ‘शेण जाळू नका’ असे सांगणे सोपे आहे. त्या शेणाच्या जागी चुलीत काय घालावयाचे, याचे उत्तर घरधनिणीला प्रथम मिळाले पाहिजे.

ज्या घरी चार-पाच जनावरे बारमाही बांधलेली आहेत व पाणी जवळ आहे, तेथे गोबर गॅस हे सर्वांत उत्तम उत्तर होय. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते. त्यापासून मिळणारा गॅस रोजच्या पाऊण ते एक किलो स्वयंपाकाच्या गॅसची बरोबरी करतो, म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर साधारण पंधरा-सोळा दिवसांत वाचते. शिवाय शेणातील नत्र जळत नाही. ते रबडीबरोबर बाहेर येते. ही रबडी मात्र उन्हात पसरून वाळवू नये, कारण तिच्यातील नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपाने उडून जातो. ती सावलीतील खड्ड्यात काडीकचऱ्यावर सोडावी. जेथे दोनच जनावरे आहेत आणि त्यांतील एक पुढील उन्हाळ्यात विकावयाचे आहे, अशा घरी केवळ अनुदान मिळते म्हणून संयंत्र बांधू नये. बंद पडलेल्या संयंत्राच्या टाकीत पाला साठलेला पुष्कळ गावांत दिसतो. त्याचे कारण बहुधा शेणाचा हा कच्चा हिशेबच असतो.

ज्यांच्याजवळ शेण थोडे आहे त्यांच्यासाठी पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी घालून दिलेली नाडेप पद्धत सोयीची आहे. हवेसाठी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात नव्वद ते शंभर किलो शेणाच्या काल्यावर चौदा-पंधराशे किलो काडीकचरा व त्याच्या जोडीला चाळलेली माती कुजविता येते. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. अर्थात ओल टिकली पाहिजे. टाके भरून विसरून गेल्यास चार महिन्यांनी आत तोच कचरा सापडेल.

आता चुलीकडे वळू. साध्या तीन दगडांच्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा भाग भांड्यास लागतो. बाकीची उष्णता बाजूने निघून जाते आणि धूर घरधनिणीच्या डोळ्यांत व छातीत जातो. चुलीशेजारी पाटावर बसलेले मूलही तोच धूर घेते. निर्धूर चुलीचा विचार आपल्याकडे नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चूल जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. पुढे १९८३ पासून २००२ पर्यंत सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही चालला. तरीही पुष्कळ घरांत त्या चुली फार दिवस टिकल्या नाहीत. कोठे घरच्या तव्याला चुलीचे तोंड जुळले नाही, तर कोठे धुराड्यातील काजळी काढण्याचे कोणी सांगितलेच नाही. चूल घालताना घरातील सर्वांत मोठे पातेले व रोजचा तवा समोर ठेवून माप घ्यावे आणि धुराडे महिन्यातून एकदा झाडावे. वैलावर रिकामी जागा ठेवू नये. भाकरी होत असताना तेथे पाणी किंवा वरण असावे.

उज्ज्वला योजनेमुळे २०१६ नंतर गॅसची शेगडी अनेक घरी पोहोचली आहे. परंतु सिलिंडर पुन्हा भरण्याची रक्कम मजुरीच्या हंगामाखेरीज हाती नसल्याने चूल आणि शेगडी दोन्ही चालू राहतात. हे वास्तव मान्य करूनच कामांची वाटणी करावी. घराच्या आत, बंद जागेत होणारा स्वयंपाक शेगडीवर आणि जनावरांचे आंबोण व आंघोळीचे पाणी अंगणातील चुलीवर, अशी वाटणी बरी. धूर निदान मोकळ्यावर जातो. आंघोळीच्या पाण्यास किती जळण लागते, याची कल्पना पुरुषमंडळींना क्वचितच असते. काळ्या रंगाने रंगविलेला झाकणाचा पिंप दिवसभर उन्हात ठेवला, तर सायंकाळी पाणी चांगले कोमट मिळते.

डाळ व कडधान्य आधी भिजविणे, भांड्यावर झाकण ठेवणे आणि उकळी आल्यावर जाळ कमी करणे, या गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत. त्या होत नाहीत, एवढेच. भाताकरिता मात्र एक युक्ती करून पाहावी. लाकडी खोक्यात किंवा मोठ्या टोपलीत गोणपाट व कोरडा भुसा दाबून भरावा आणि मध्ये पातेल्यापुरती जागा ठेवावी. भाताला उकळी आल्यावर पाच-सहा मिनिटे शिजू देऊन झाकणासह पातेले त्यात बसवावे व वरून भुशाची उशी दाबावी. तासाभरात भात तयार होतो, करपत नाही आणि तेवढा वेळ चुलीजवळ बसावे लागत नाही.

तुराट्या व पऱ्हाट्या हे चांगले सरपण आहे. परंतु पऱ्हाट्यांची गंजी घराजवळ पावसाळ्यापर्यंत राहू देऊ नये. तिच्यातील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढील कपाशीवर तिचेच पतंग येतात. पऱ्हाट्या एप्रिल-मे महिन्यात जाळून संपवाव्यात व गोवऱ्या मागे ठेवाव्यात. घरोघरी क्रम नेमका उलटा असतो.

चूल पेटविण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी घालण्याची सवय अलीकडे फार वाढली आहे. ती चटकन पेटते हे खरे, पण तिचा धूर विषारी असतो. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. तरीही बियाण्याची, खताची व खाऊची रिकामी पाकिटे घरात येतच राहतात. ती उकिरड्यावरही टाकू नयेत. खताबरोबर ती रानात जातात आणि चरताना जनावराच्या पोटात जातात. दाराशी एक पोते टांगून ती निराळी साठवावीत व ग्रामपंचायतीच्या कचरा वेचणाऱ्याकडे द्यावीत.

राखेविषयी एक सूचना आवश्यक आहे. राखेत पोटॅश व चुना असतो, म्हणून ती टाकाऊ नाही; कोकणातील आंबट जांभ्या जमिनीस ती विशेष मानवते. परंतु ताज्या शेणात ती मिसळू नये. तिच्यामुळे शेणातील नत्र हवेत उडते. राख निराळ्या डब्यात ठेवावी.

मोरीचे पाणी

पाच माणसांच्या घरातून रोज दोनशे लिटरच्या आसपास सांडपाणी निघते. हंडे वाहून आणलेले हे पाणी मोरीतून गल्लीत जाते, तेथे चिखल होतो आणि चिखलात डास होतात. डासाची अंड्यापासून वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होत असल्याने साचलेले डबके आठवडाभरही राहू देणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यात केळीच्या एका झाडास दिवसाकाठी पंधरा ते वीस लिटर पाणी पुरते, म्हणजे या पाण्यावर केळी, पपई, अळू व एखादा शेवगा अशी आठ-दहा झाडे जगतात. भांडी व भाज्या धुतलेले पाणी झाडांस सरळ द्यावे. कपड्यांच्या साबणपुडीचे पाणी मात्र रोज एकाच आळ्यात सोडू नये. त्यातील सोडियमने काळी जमीन घट्ट होते. ते पाणी शोषखड्ड्याकडे वळवावे.

शोषखड्डा एक मीटर लांब, तेवढाच रुंद व खोल असावा. तळाशी मोठे दगड, वर लहान दगड आणि तोंडाशी भोके पाडलेले मडके नारळाच्या काथ्याने भरून ठेवावे. काथ्या दर पंधरा दिवसांनी धुवावा. खोल काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही. तेथे मुरूम लागेपर्यंत खणावे लागते, नाहीतर पहिल्याच पावसात खड्डा तुंबतो आणि गावात शोषखड्ड्याचे नाव खराब होते. विहिरीपासून तो पंधरा मीटरहून अधिक अंतरावर असावा.

कणगी आणि कोठी

धान्य चांगले वाळवावे. दाणा दाताखाली कट् करून फुटला म्हणजे ते कोठीत भरण्याजोगे झाले. कडधान्यात टोका पडतो तो बहुधा शेतातूनच आलेला असतो, म्हणून घरी येताच तूर, मूग, चवळी यांना कडक ऊन द्यावे. खाण्यासाठी ठेवावयाच्या अखंड कडधान्यास किलोमागे पाच ते सात मिलिलिटर खाद्यतेल चोळल्यास भुंगेऱ्यांची वाढ रोखली जाते. गव्हाला एरंडेल लावण्याची घरोघरची रीत त्याच जातीची आहे. कोठी जमिनीपासून वीतभर उंच व भिंतीपासून दूर असावी. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवावीत.

धान्यात ठेवावयाच्या विषारी गोळ्यांविषयी मात्र कोणतीही सवलत देता येणार नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो आणि आपल्याकडे धान्याची कोठी व झोपण्याची खोली बहुधा एकच असते. राहत्या घरात ती गोळी कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून ठेवू नये. कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल, मीठ किंवा पिण्याचे पाणी ठेवणे हीही अशीच जीवघेणी काटकसर होय. असा डबा तीनदा धुऊन ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतावे व डब्याला भोके पाडून तो निकामी करावा.

हा सर्व हिशेब घरात एकाच व्यक्तीला तोंडपाठ असतो. गोवऱ्या किती दिवस पुरतील, कोणत्या कोठीत भुंगेरे दिसले, पाण्याच्या किती खेपा झाल्या, हे घरधनीण सांगू शकते. तिला सहसा कोणी विचारीत नाही. कार्यकर्त्यांनी भेटीची वेळ तिच्या सवडीची धरावी, म्हणजे दुपारचे जेवण आटोपल्यावर व जनावरे परतण्यापूर्वी, आणि गावातील कार्यकर्ती भगिनी किंवा बचत गटातील एखादी बाई बरोबर घ्यावी. प्रथम मोरीच्या पाण्यापासून आरंभ करावा, कारण त्यास एक कुदळ व एक सकाळ पुरते आणि महिन्याभरात अळूची पाने दिसू लागतात. शेणाचा व चुलीचा विषय त्यानंतरच्या भेटीत काढावा. तेव्हा घरचा तवा आणि पातेले मागून घ्यावे व चुलीचे माप तेथेच, तिच्यासमोर, काढावे.