आधी हिशेब, मग बुरूज



बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशू शिकवतो (लूक १४:२८-३०). आपले काय होते? मिरचीचे पैसे हाती येतात, लग्नकार्यात संपतात आणि पुढच्या लागवडीला पुन्हा उधारी. मग दुकान, शेळीपालन, मुलांचे शिक्षण सारे अडते.

वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली लोकांना एकत्र आणून कॅथॉलिक पतसंस्था सुरू केली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली. एकट्याला न जमणारे काम एकजुटीने झाले.

या आठवड्यात कुटुंबाने प्रार्थना करून तीन गोष्टी लिहाव्यात: काय करायचे, खर्च किती, दरमहा बचत किती. बचत गटात नसाल तर सामील व्हा. प्रभू आपल्या कष्टांना आशीर्वाद देवो.