एसई-लिनक्स चालू ठेवायला किती खर्च येतो?

मुलुंडला पाचरस्ता ते चेकनाका या पट्ट्यात सीएंची ऑफिसं आहेत, पॅथॉलॉजी लॅब आहेत. तुमच्याकडेही ऑफिसच्या कोपऱ्यात किंवा क्लाउडवर लिनक्स सर्व्हर असेल, तर काही अडलं की सपोर्टवाला काय करतो ते एकदा बघाच. बहुतेकदा तो पहिल्यांदा एसई-लिनक्स ही सर्व्हरची सुरक्षा-व्यवस्था बंद करतो. काम पाच मिनिटांत होतं, बिलही छोटं येतं. पण मग वेबसर्व्हर कुणी फोडला, तर त्याला नेमून दिलेल्या फायलींच्या आतच ठेवणारं कुंपण उरत नाही.

लायसन्सचा खर्च शून्य. एसई-लिनक्स अमेरिकेच्या एनएसएने २००० साली खुलं केलं आणि २००३ मध्ये ते कर्नलमध्ये आलं. अल्मालिनक्स, रॉकी लिनक्सवर ते आधीपासून चालूच असतं. कोटेशनमध्ये त्याच्या किमतीची ओळ दिसली, तर सरळ खोडा.

पैसे जातात ते माणसाच्या तासांचे. तासाला ८०० रुपये आणि १० तास धरले, तर ८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४०. तास किती लागतील ते सॉफ्टवेअरवर ठरतं. उदाहरणार्थ, होम फोल्डरमधून हलवलेली फाइल जुनंच एसई-लिनक्स लेबल घेऊन येते आणि साइट ‘४०३’ दाखवते. ‘रिस्टोरकॉन’ची एक कमांड पुरते. त्यासाठी दिवसभराचं बिल लावलं तर भांडा. स्वतःसाठी बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी वेगळी पॉलिसी लिहायची असेल, तर मात्र वेळ लागतोच. उबुंटूवर त्याऐवजी अ‍ॅपआर्मर असतं. तिथे मायएसक्यूएलला प्रोफाइल तयार मिळतं, अपाचे सहसा मोकळाच असतो. तेव्हा अपाचेचं प्रोफाइल लिहायचा खर्च धरून चाला.

आधी ‘परमिसिव्ह’वर ठेवायला सांगा: अडवणूक नाही, फक्त नोंद. सीएंनी या काळात ११ आणि २० तारीख येऊ द्यावी, कारण जीएसटी रिटर्नच्या दिवसांत चालणारी कामं एरवी दिसतच नाहीत. नंतर नोंदी वाचून नियम करायचे. नोंदींवरून नियम बनवणाऱ्या ‘ऑडिट-टू-अलाउ’मधून निघेल ते सगळं डोळे मिटून मंजूर करणाऱ्याला पैसे देऊ नका, तो कुंपणाला भोकं पाडतोय.

शेवटचा हप्ता सर्व्हर रीबूट करून, ‘गेटएन्फोर्स’ने ‘एन्फोर्सिंग’ दाखवल्यावर आणि तुमचं सॉफ्टवेअर समोर चालवून पाहिल्यावरच द्या. एसई-लिनक्सचं बूलियन (चालू-बंद सेटिंग) बदलताना ‘-पी’ विसरलं, तर ती सेटिंग रीबूटनंतर टिकत नाही.