'हॉट वॉटर' आणि आपला 'गोता'

परभाषेतील शब्दांचा अर्थ शब्दकोशात सापडतो; वाक्प्रचार मात्र इतक्या सहज हाती लागत नाहीत. त्यांतील प्रत्येक शब्द ओळखीचा असतो आणि तरीही अर्थ निसटतो. 'टु गेट इन्टु हॉट वॉटर' हा असाच एक वाक्प्रचार. शब्दशः अर्थ 'गरम पाण्यात शिरणे'. आपल्या खानदेशात गरम पाणी म्हटले की चोपडा तालुक्यातील उनपदेव आठवते. तेथील झऱ्याच्या ऊन पाण्याने स्नान करायला लोक मुद्दाम जातात. शब्दशः भाषांतर करणाऱ्याला येथे संकटाऐवजी पुण्यच दिसायचे!

इंग्रजीत मात्र याचा अर्थ, आपल्याच कृतीमुळे किंवा बोलण्यामुळे अडचणीत येणे, कुणाचा तरी रोष ओढवून घेणे. सोळाव्या शतकापासून हा अर्थ त्या भाषेत रुळलेला आहे. तटावर चढणाऱ्या शत्रूवर उकळते पाणी ओतत, त्यावरून हा प्रयोग आला, अशी एक उपपत्ती सांगतात. ती रंजक असली तरी तिला पुरावा नाही. ऊन पाण्याचा चटका एवढी प्रतिमाही पुरेशी आहे.

या अर्थाला दोन मर्यादा आहेत. अडचण स्वतः ओढवून घेतलेली हवी आणि समोर रागावणारे कुणीतरी हवे. वादळाने रावेर-यावलकडील केळीच्या बागा आडव्या झाल्या, तर शेतकरी संकटात सापडतो. पण तो 'हॉट वॉटर'मध्ये नसतो. एखाद्या सोसायटीच्या चिटणीसाने सभेपुढे हिशेब ठेवला नाही आणि सभासद खवळले, तर चिटणीस मात्र नक्कीच त्यात असतो. 'इन डीप वॉटर' हा याचा शेजारी. पण त्याचा अर्थ आपल्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीत सापडणे असा आहे. दोहोंची गल्लत करू नये.

आता रचना पाहू. अडचणीत येण्याची क्रिया सांगायची तर 'गेट इन्टु', स्थिती सांगायची तर 'बी इन', आणि कुणाला अडचणीत आणले हे सांगायचे तर 'लँड समवन इन'. ज्याचा रोष झाला त्याच्यापूर्वी 'विथ' येते, कारणापूर्वी 'फॉर' किंवा 'ओव्हर'. 'वॉटर' हे नाम येथे अगणनीय असल्याने 'इन अ हॉट वॉटर' असे लिहिणे चूक.

मराठीत याला सर्वांत जवळचा प्रयोग 'गोत्यात येणे' हा होय. गोता म्हणजे पाण्यातील बुडी. शब्द अरबी-फारसीतून आलेला. म्हणजे आपणही माणसाला पाण्यातच घालतो, फक्त ते तापवीत नाही! 'अंगलट येणे' हाही जवळचा. परंतु त्यात कर्ता माणूस नसून त्याची कृती असते. 'त्याचे बोलणे त्याच्या अंगलट आले' हे वाक्य इंग्रजीत नेताना म्हणूनच 'हिज रिमार्क्स लँडेड हिम इन हॉट वॉटर' ही रचना अधिक शोभते. 'आगीतून फुफाट्यात' ही म्हण मात्र येथे लागू नाही. तिच्यात एका संकटातून दुसऱ्यात जाणे आहे. तिचे इंग्रजी भावंड तव्यातून आगीत पडते.

शेवटचा मुद्दा औचित्याचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. हा वाक्प्रचार बोलीतला, थोडा हलकाफुलका आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. कायदेभंगासाठी तुरुंगात गेलेली ही माणसे 'सरकारशी हॉट वॉटरमध्ये आली' असे कुणी लिहिले, तर व्याकरणात चूक निघणार नाही. परंतु जाणूनबुजून पत्करलेल्या कारावासाला त्याने एखाद्या खोडकर मुलाच्या फजितीची कळा येईल. स्वीकारलेले कष्ट आणि अंगावर आलेली भानगड यांतील फरकच पुसला जाईल.

म्हणून नवा वाक्प्रचार वहीत टिपताना केवळ अर्थ लिहून थांबू नये. तो कुणाविषयी वापरतात, कोणत्या प्रसंगी वापरतात आणि कोठे वापरत नाहीत, या तीन गोष्टी त्यापुढे लिहाव्यात. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या वहीत नसते, आणि परीक्षेतील व व्यवहारातील चुका बहुधा तेथेच होतात.