‘गाय आला’ म्हणणाऱ्या पोराचं व्याकरण

धारणी तालुक्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. मॅडम सातारा जिल्ह्यातल्या, मेळघाटात नव्यानेच रुजू झालेल्या. सर याच भागात केंद्रप्रमुख होते, आता निवृत्त आहेत. 21 फेब्रुवारीच्या मातृभाषा दिनाचं परिपत्रक आलं आणि विषय निघाला.

मॅडम : सर, बेत ठरलाय. मुलींचा गदली-सुसुन नाच, मुलांची पारंपरिक वेशभूषा आणि फळ्यावर रंगीत खडूने ‘माझी भाषा, माझा अभिमान’. फोटोही पाठवायचेत.

सर : छान. फोटो झकास येतील. पण 22 तारखेला काय करणार?

मॅडम : 22 ला काय? नेहमीसारखे तास.

सर : म्हणजे 21 ला मुलांच्या कोरकू भाषेचा जयजयकार आणि 22 ला ‘वर्गात कोरकू बोलायचं नाही रे’. मुलांना ही गोम बरोबर कळते. त्यांची भाषा नाचायला चालते, गणिताला चालत नाही.

मॅडम : तुम्ही तर पहिल्याच चेंडूवर दांडी उडवलीत! पण हा दिवस साजरा करायचाच असतो ना?

सर : हा दिवस कुठून आला, ते आठवा. 1952 सालची 21 फेब्रुवारी, ढाका. पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांना एकट्या उर्दूला राष्ट्रभाषा करायचं होतं, आणि पूर्वेकडच्या लोकांचं म्हणणं होतं की बंगालीलाही तेच स्थान द्या. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात विद्यार्थी मेले. पुढे बांगलादेशाच्या पुढाकाराने युनेस्कोने 1999 मध्ये हा दिवस जाहीर केला आणि 2000 पासून तो जगभर पाळतात. त्या विद्यार्थ्यांची मागणी काय होती? आमच्या भाषेला कारभारात जागा द्या. ‘आमची गाणी ऐका’ असं कोणी म्हणत नव्हतं.

मॅडम : पटतंय. पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. दुसरीतल्या मुलाने वहीत लिहिलंय, ‘गाय आला. बाई गेला.’ तोंडाने तरी सुधारावं म्हणून दहादा म्हणवून घेतलं. पुन्हा ‘गाय आला’ आहेच. इतकं कसं लक्षात राहत नाही?

सर : (हसत) लक्षात राहत नाही असं नाही. तो त्याच्या व्याकरणाने अगदी बरोबर बोलतोय. कोरकू भाषेचं कूळच वेगळं. ती मुंडा शाखेतली. संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी तिकडे झारखंडात, आणि या कुळाची सगळ्यात पश्चिमेची भाषा म्हणजे आपल्या मेळघाटातली कोरकू. त्या भाषेत सजीव आणि निर्जीव असा भेद असतो. तो, ती, ते अशी मराठीची तीन लिंगं नसतात. आता मला सांगा, खुर्ची ती, टेबल ते आणि दरवाजा तो, याचं कारण तुम्ही त्याला काय देणार?

मॅडम : कारण काहीच नाही. आम्हाला ते ऐकून ऐकून येतं.

सर : तेच तर. तुम्ही जन्मापासून ऐकलंय. तो सहाव्या वर्षापासून, तेही अकरा ते पाच. आणखी एक गंमत बघा. संस्कृतातलं द्विवचन शाळेत घोकताना आपल्या नाकी नऊ आले. कोरकूत ते जिवंत आहे. दोघांसाठीचं रूप वेगळं, अनेकांसाठीचं वेगळं. शिवाय समोरच्याला धरून म्हणायचं ‘आपण’ आणि त्याला वगळून म्हणायचं ‘आम्ही’ हा मराठीतला भेदही कोरकूत आहे. चार वर्षांचं पोर चुलीपाशी बसून हे सगळं न अडखळता बोलतं. आणि आपण शेरा काय मारतो? ‘भाषिक विकास कमी.’

मॅडम : म्हणजे चूक सुधारायचीच नाही?

सर : सुधारायची ना. पण कशामुळे होतेय ते ओळखून. त्यालाच विचारा, ‘कोरकूत कसं म्हणतोस? आणि मराठीत कसं?’ दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. दोन भाषांची अशी तुलना करणारं मूल व्याकरण घोकत नाही, पाहतं. चूक नुसती लाल पेनाने खोडली तर त्याला एवढंच कळतं की बोललं की मार बसतो. मग ते गप्प बसतं. मेळघाटातल्या शाळांतली पोरं शांत असतात म्हणून बाहेरचे साहेब कौतुक करून जातात. ती शांतता मला कधी आवडली नाही.

मॅडम : पण सर, वेळ कुठे आहे? मला यांना वर्षअखेर मराठी वाचायला लावायचंय. त्यात कोरकू आणली तर मराठी मागे पडेल.

सर : सगळ्यांनाच ही भीती वाटते. कॅनडातले जिम कमिन्स नावाचे शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस यावर एक मांडणी केली. डोक्यात दोन भाषांच्या दोन वेगळ्या कोठ्या नसतात, असं त्यांचं म्हणणं. गोष्टीचा पुढचा भाग ताडणं, कारण शोधणं, अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं ही कौशल्यं मूल एकदा एका भाषेत शिकलं की दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावी लागत नाहीत. कोरकू आपण देवनागरीतच लिहितो. ‘क’ एकदा ओळखला की तो दोन्हीकडे कामाला येतो. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. मैदानावर बोलायची भाषा मूल लवकर उचलतं. पुस्तकातली भाषा यायला मात्र पुष्कळ वर्षं लागतात. म्हणून चौथीतलं पोर दुकानात फाडफाड बोलतं आणि परिसर अभ्यासाच्या पेपरात कोरं राहतं.

मॅडम : मलाच कोरकू येत नाही. मी कशी शिकवू?

सर : तुम्ही शिकवायची नाहीच. वर्गात येऊ द्यायची. आता माझा बेत ऐका. दिवाळीनंतर आईबाप कामाला बाहेर जातात, होळीला परत येतात. फेब्रुवारीत घरी म्हातारी माणसं आणि पोरंच जास्त. तेव्हा एका आजीला शाळेत बोलवा. मोहफुलं कशी वेचायची, पहाटेच का जायचं, वाळवायची कशी, हे ती कोरकूत सांगेल. चौथीची मुलं ते देवनागरीत लिहून काढतील. शब्दाच्या स्पेलिंगवरून भांडतील, भांडू द्या. मग सगळ्यांनी मिळून खाली मराठी लिहायची, तिथे तुमची मदत लागेल. चित्रं पहिली-दुसरीची. कार्डशीट, जाड दोरा, झालं पुस्तक. ते रोज एकाच्या घरी जाऊ द्या. पोर आजीला वाचून दाखवेल आणि आजी म्हणेल, ‘असं नाही रे, मी असं सांगितलं होतं.’ दुसऱ्या दिवशी सुधारणा! आमच्या केंद्रातल्या एका शाळेत हे केलं होतं. ज्याला पाठ्यपुस्तकाचं पान वाचता येत नव्हतं, तो मोहफुलांचं पुस्तक वाचू लागला. अर्धं पाठच होतं म्हणा. पण वाचनाची सुरुवात तशीच होते.

मॅडम : आणि वर्गात गवळ्यांची दोन मुलं आहेत, बाजारातल्या दुकानदाराची एक हिंदी बोलणारी मुलगी आहे. त्यांचं काय?

सर : तीही आपल्या भाषेत ओळ लिहितील. इथल्या मुलाला तसंही घरी कोरकू, धारणीच्या बाजारात हिंदी, शाळेत मराठी, शिवाय विषय म्हणून इंग्रजी. चार भाषांतून ते रोज ये-जा करतं. शहरातला पालक मुलाला तिसरी भाषा यावी म्हणून शिकवणी लावतो. इथे ती फुकट आहे आणि आपण ती उणीव म्हणून नोंदवतो.

मॅडम : पालकच विरोध करतात हो. ‘कोरकू घरी येतेच, शाळेत मराठी-इंग्रजी शिकवा’ असं एक आजोबा मला तोंडावर म्हणाले.

सर : ते चूक बोलले नाहीत. तालुक्याच्या कचेरीत, दवाखान्यात, बँकेत त्यांना काय ऐकून घ्यावं लागलंय ते त्यांनाच ठाऊक. त्यांना भाषणं देऊ नका. त्यांच्या नातवाला त्यांच्यासमोर दोन्ही भाषांत वाचायला लावा. मराठी काढून घेणार नाही, तिच्याकडे जायचा रस्ता करतोय, हे त्यांना दिसायला हवं. उलटंही घडतं बरं. गडचिरोलीत मोहगावला ग्रामसभांनी 2019 मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली. मान्यतेवरून वाद झाला, कोर्टापर्यंत गेला. पण मागणी गावाची होती.

मॅडम : सरकारी नियमांत याला आधार आहे का? उद्या कोणी तपासणीला आलं तर?

सर : भरपूर आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद 350-अ म्हणतो की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आणि 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही घरच्या भाषेच्या बाजूने आहेत. अडतं कुठे? ‘शक्य असेल तिथे’ या पळवाटेवर. ओडिशाने 2006 च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं, पुढे ती संख्या 21 पर्यंत नेली. तिथे त्या त्या समाजातले शिक्षक नेमले, पाठ्यपुस्तकं काढली. आपल्याकडे कोरकू बोलणारा शिक्षक मिळणं अजून नशिबाचा भाग आहे. खरं तर पहिला मान आपला असायला हवा होता. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्या, गुरं राखणारी पोरं असतील तर कुरणात न्या, हा विचार त्यांनी आणि अनुताई वाघांनी करून दाखवला. शाळा अंगणापर्यंत गेली. अंगणातली भाषा मात्र शाळेत आली नाही.

मॅडम : मग नाच रद्द करू?

सर : छे! पोरींनी तयारी केली असेल, त्यांचा हिरमोड कशाला? नाच होऊ द्या. पण त्याआधी आजीची गोष्ट होऊ द्या आणि 22 तारखेपासून रोज परिपाठात एक वाक्य कोरकूत, गवळ्यांच्या बोलीत आणि मराठीत. 27 ला मराठी भाषा गौरव दिन आहे, त्या दिवशी पुस्तक टेबलावर मांडा. आणि आजीला बोलवायला पोरांना पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. दोन वाक्यं कोरकूत पाठ करून जा. चुकलात तर पोरंच तुम्हाला सुधारतील, त्याचा राग तेवढा मानू नका.