नायट्रोजनच्या यंत्रातून प्राणवायू

एप्रिल २०२१ च्या मध्यास, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मुंबई महानगरपालिकेला आपल्या ६ रुग्णालयांतील १६८ रुग्ण तातडीने दुसरीकडे हलवावे लागले. तेथील प्राणवायूचा साठा संपत आला होता. पुढे वर्गात वायूंचे नियम शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हवेत एकपंचमांश प्राणवायू आहे. मग तो कमी कसा पडला?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आपल्याला पवईच्या एका प्रयोगशाळेपर्यंत नेते.

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मि.मी. स्तंभाइतका असतो. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के. म्हणून या दाबात त्याचा वाटा ७६० × ०.२१, म्हणजे सुमारे १६० मि.मी. होतो. याला प्राणवायूचा आंशिक दाब म्हणतात. फुप्फुसांतील वायुकोशांतून प्राणवायू रक्तात शिरतो, तो या दाबाच्या जोरावर. न्यूमोनियात वायुकोशांत द्रव साचतो व प्राणवायूची वाट अडते. अशा वेळी श्वासातील प्राणवायूचे प्रमाण, म्हणजेच त्याचा आंशिक दाब, वाढवावा लागतो. व्हेंटिलेटर हा एक प्रकारचा भाता आहे. तो थकलेल्या स्नायूंचे काम करतो. प्राणवायू मात्र निर्माण करीत नाही. तो बाहेरूनच पुरवावा लागतो.

सिलिंडर किती वेळ पुरतो?

रुग्णालयातील मोठ्या सिलिंडरची धारकता सुमारे ४७ लिटर असते. त्यात वातावरणाच्या सुमारे १५० पट दाबाने प्राणवायू भरतात. बॉइलच्या नियमाप्रमाणे नेहमीच्या दाबाला त्याचे आकारमान ४७ × १५०, म्हणजे सुमारे ७,००० लिटर होईल. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर दिला, तर हा सिलिंडर ७०० मिनिटे पुरेल. म्हणजे १२ तासही नाही! प्रत्येक खाटेमागे दिवसाला दोनहून अधिक सिलिंडर कारखान्यातून आणायचे, तर एखादी गाडी उशिरा आली तरी जिवाशी गाठ.

मग रुग्णालयाच्या आवारातच हवेतून प्राणवायू वेगळा का काढू नये? तशी यंत्रे असतात, पण नवे यंत्र उभारायला वेळ लागतो. मात्र हवेतून नायट्रोजन वेगळा करणारी यंत्रे अनेक कारखान्यांत आधीपासूनच होती.

चाळणी बदलली

या यंत्रात दोन उभ्या टाक्या असतात. दाबलेली हवा एका टाकीत सोडतात. आतील सच्छिद्र दाणे एक वायू धरून ठेवतात व दुसरा पुढे जातो. दाणे भरले की दाब कमी करतात; धरलेला वायू सुटून बाहेर जातो. तोवर दुसरी टाकी कामाला लागते. या दाण्यांना रेणवीय चाळणी म्हणतात.

नायट्रोजनच्या यंत्रात ही चाळणी कार्बनची असते. प्राणवायूचा रेणू किंचित लहान असल्याने तिच्या छिद्रांत झटकन शिरतो, नायट्रोजन मागे राहतो आणि तोच बाहेर मिळतो. झिओलाइटची चाळणी वेगळ्या तत्त्वावर चालते. तिच्यातील धन आयन नायट्रोजनच्या रेणूला अधिक जोराने ओढतात, कारण त्या रेणूतील विद्युतभाराची मांडणी तशी असते. येथे नायट्रोजन अडकतो व प्राणवायू पुढे जातो. पहिली पिठाच्या चाळणीसारखी, तर दुसरी वाळूतून लोखंडाचा कीस उचलणाऱ्या चुंबकासारखी!

पवईच्या आयआयटीतील शीतकरण व अतिशीत तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत नायट्रोजनचे असे यंत्र होते. एप्रिल २०२१ मध्ये तेथे टाटा कन्सल्टिंग इंजिनीअर्स आणि स्पॅनटेक इंजिनीअर्स यांच्या साह्याने कार्बनऐवजी झिओलाइट घालून, आवश्यक ते फेरफार करून ३ दिवसांत प्रयोगाची जुळणी झाली. यंत्रातून वातावरणाच्या ३.५ पट दाबाने, ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळाला.

अर्थात असा वायू रुग्णापर्यंत नेण्यापूर्वी त्याची शुद्धता तपासावीच लागते. शिवाय यंत्राला अखंड वीज हवी. पण त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. हवेत प्राणवायू कमी नव्हता. तो वेगळा करून वेळेत खाटेपर्यंत पोचवण्याची सोय अपुरी होती.

सोडवून पाहा

१. एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटर प्राणवायू लागत असेल, तर वरील सिलिंडर किती वेळ पुरेल?

२. हवेत सुमारे ०.९ टक्के अरगॉन असतो व झिओलाइट त्याला प्राणवायूपासून वेगळे करीत नाही. सर्व नायट्रोजन काढून टाकला, तरी प्राणवायूची शुद्धता ९६ टक्क्यांच्या पुढे का जात नाही, हे गणिताने दाखवा.