सगळे देश सारखे होत चालले आहेत का?
(अभ्यास लेख)



गुरुजींनी एकदा फळ्यावर प्रश्न लिहिला. ऊन, वारा, पाणी, लाकूड यांपासून मिळणारी ऊर्जा पुन्हा पुन्हा मिळते. तिला नवीकरणीय ऊर्जा म्हणतात. ती वापरण्यात जगातले देश एकमेकांसारखे होत चालले आहेत का? मी हा अभ्यास केला. परदेशाचे आकडे गुरुजींनी मिळवून दिले. वजाबाकी माझी आहे.

ही ऊर्जा नवीन नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात खोपोलीला 1915 साली पाण्यावर वीज होऊ लागली. भिऱ्याचे वीजकेंद्र 1927 साली सुरू झाले. घाटावरच्या धरणाचे पाणी मोठ्या नळांतून खाली येते. त्याच्या जोराने चक्र फिरते आणि वीज तयार होते. खोपोलीची वीज तेव्हा मुंबईच्या कापडगिरण्यांना जात असे.

आता युरोपातले दोन देश बघू. 2004 साली स्वीडन देश 100 भाग ऊर्जेपैकी सुमारे 39 भाग नवीकरणीय वापरत होता. माल्टा हे मुंबईपेक्षा लहान बेट. तिथे जवळजवळ 0 भाग होते. 2023 साली स्वीडनचे सुमारे 66 झाले आणि माल्टाचे सुमारे 15.

वजाबाकी करा. आधी अंतर 39 होते, आता 51 झाले. अंतर वाढलं! मी लिहिलं, "देश सारखे होत नाहीत." पण माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, माल्टाकडे तर काहीच नव्हतं. आता स्वीडनच्या पाव हिश्श्याच्या जवळ आलाय." तिचंही खरं होतं. सगळे पुढे चालतात, पण जो पुढे आहे तोही थांबत नाही.

मग गुरुजींनी इथिओपिया देश सांगितला. तिथे बहुतेक ऊर्जा लाकूडफाटा आणि शेणापासून मिळते. म्हणजे आकड्यात इथिओपिया स्वीडनच्याही पुढे! मला वाटलं, तो पहिला नंबर. घरी येऊन आजीला सांगितलं. आजी हसली. म्हणाली, "मंग माजा पन पयला नंबर गो बाय! चाळीस वर्सा चुलीवर रांधला. धुरान डोले गेले माजे."

तेव्हा मला समजलं. आजीच्या चुलीत सुरूची लाकडं, झावळ्या, करवंट्या जळायच्या. सगळी नवीकरणीय. 100 पैकी 100! पण घरात धूर, आणि डोक्यावर मोळी. नंतर आमच्याकडे गॅस आला. गॅस जमिनीखालचा, संपणारा. आपल्या देशाला तो बराचसा परदेशातून आणावा लागतो. म्हणजे आमच्या घराचा आकडा खाली गेला, पण आईचे डोळे वाचले.

स्वीडनमध्येही लाकूड पुष्कळ जळते. पण ते मोठ्या भट्टीत, उंच धुराड्याखाली. त्यावर तापलेलं पाणी नळांतून घरोघर जाते आणि घरे उबदार राहतात. लाकूड तेच, पण तिथल्या आजीच्या डोळ्यांत धूर जात नाही.

म्हणून माझे उत्तर असे. देश दोन बाजूंनी चालत येत आहेत. श्रीमंत देश कोळसा आणि तेल कमी करून ऊन-वाऱ्याकडे येतात, त्यांचा आकडा वाढतो. गरीब देशांत चुली कमी होतात, तेव्हा त्यांचा आकडा घटतो. त्यामुळे कधी कधी आकडे जवळ येतात. पण आकडे सारखे झाले म्हणजे घरे सारखी झाली असे नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. विजेचे खांब आडवे झाले. मी तेव्हा लहान होते. आई सांगते, आपल्या गावात कितीतरी दिवस अंधार होता. फक्त शेजारच्या काकांचा सौर कंदील लागायचा. सगळी पोरं त्याच्याभोवती बसायची. वर ऊन सगळ्यांना सारखंच होतं, पण कंदील एकाच घरी होता.

म्हणून देशांची तुलना करताना किती टक्के एवढेच विचारू नये. धूर कोणाच्या डोळ्यांत जातो आणि उजेड कोणाच्या घरी पडतो, हेही विचारावे.

पालकांनो, आमच्या वर्गाने आपल्या वाडीत किती चुली, किती गॅस आणि किती सौर दिवे आहेत ते मोजायचे ठरवले आहे. आम्ही दारी आलो की खरे सांगा हं!

– एक विद्यार्थिनी, इयत्ता 4 थी